तीन कोपऱ्यांचे तारे

नवागामच्या निंबा जॉबरनं एकदा डूख धरला की तो सोडत नाही. पांडेसऱ्यातल्या एका कापड कारखान्यात बिघडलेले लूम, म्हणजे यंत्रमाग, पंधरा वर्षं ठीक करत आलेला हा माणूस. चाळिशीत त्याला आभाळाचं वेड लागलं. कॉलेजातल्या एका मास्तरांची वापरलेली, सहा इंची आरशाची दुर्बीण त्यानं घेतली, तिला कॅमेरा जोडला आणि सुट्टीला शहराबाहेर, कामरेजच्या पुढे शेतात जाऊन ताऱ्यांचे फोटो काढू लागला.

पण हात पडला लूमवाल्याचा. लूम थरथरला की धागा तुटतो, म्हणून जे हलेल ते आवळायचं, हे त्याच्या अंगात मुरलेलं. दुर्बिणीचा आरसा जरासा हलताना दिसला आणि निंबानं त्याच्या तिन्ही पकडी करकचून आवळल्या. काच दबली. फोटोत एकूण एक तारा तीन कोपऱ्यांचा आला, समोशासारखा.

तो फोटो त्यानं भाबडेपणानं आकाशप्रेमी मंडळात नेला. मंडळाचे प्रमुख ललितभाई. त्यांनी तो पडद्यावर मोठा केला आणि म्हणाले, "बघा, लूमवर विणलेले तारे!" सगळे खो खो हसले. निंबाची बायको जयश्री नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. तिची मान खाली गेली आणि तेच निंबाच्या जिव्हारी लागलं. पुढे नव्या सभासदांच्या प्रत्येक वर्गात ललितभाई तोच फोटो दाखवत राहिले, खाली निंबाच्या नावासकट.

निंबा वर्षभर झुंजला. दुर्बिणीतले मोठा आणि छोटा असे दोन्ही आरसे पुन्हा पुन्हा एका रेषेत आणले, तरी तारे तिकोनीच. शेवटी एका दुपारी समोरच्या चाळीच्या टाकीवर त्यानं बेअरिंगमधली गोळी ठेवली. तिच्यावर चमकणारा उन्हाचा ठिपका हाच त्याचा तारा. दुर्बिणीतून त्याच्याकडे बघत एकेक स्क्रू सैल करता करता तो पकडींपाशी आला. कागद सरकेल एवढी फट ठेवली आणि ठिपका गोल झाला! निंबानं कपाळावर हात मारून घेतला.

हे कळल्यावर मंडळातली मनीषा त्याला हळूच म्हणाली, "दादा, ललितभाईंनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. पकडी आवळल्यात म्हणाले. पण 'त्याला सांगू नका, मजा येऊ द्या,' असंही म्हणाले."

चेष्टा एकवेळ गिळता येते. हे निंबाला गिळायचं नव्हतं, आणि का गिळावं त्यानं?

मंडळाच्या यंदाच्या फोटो प्रदर्शनाला चार दिवस उरले असताना ललितभाई आपली दुर्बीण घेऊन निंबाच्या गच्चीवर हजर झाले.

"निंबाभाऊ," ते म्हणाले. आजवर 'ए लूमवाला' होता, आज भाऊ झाला. "माझ्या ताऱ्यांना एका बाजूला शेपूट येतंय. नव्या लेझरनं तीनदा आरसे जुळवले. प्रदर्शनातली मधली भिंत माझ्या फोटोसाठी ठेवलीय. तू तुझे तारे गोल केलेस म्हणे, जरा बघ ना."

निंबानं त्यांनी सोबत आणलेला लेझर दुर्बिणीच्या नळीत बसवला आणि जागच्या जागी हलकेच फिरवला. लाल ठिपका एका जागी राहायला हवा होता. तो आरशावर गोल गोल फिरू लागला. म्हणजे लेझरच वाकडा, आणि त्याच्यावर विसंबून हे शहाणे आरसे जुळवत बसले होते. निंबाच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"कळलं?" ललितभाईंनी विचारलं.

"कळलं."

"मग सांग की."

"सांगतो ना. पुढच्या वर्षी."

ललितभाई हसले. मग निंबाचा चेहरा बघून त्यांचं हसू विरलं. "मजाक करतो काय?"

"मजा तर येऊ द्या, ललितभाई."

त्यांना काय ते उमगलं. मान वर न करता त्यांनी दुर्बीण उचलली आणि तीन मजले उतरायला लागले. निंबानं हात लावला नाही. जयश्री पाण्याचा तांब्या घेऊन वर आली होती, तिनं सगळं ऐकलं.

"सांगी द्या ना त्यासले," ती घरच्या बोलीत म्हणाली. "तुमनं काय जास?"

"मनं वरीस गयं," निंबा म्हणाला. "आनि तुनी मान खाले गयी."

खालून दुर्बीण कठड्यावर आपटल्याचा आवाज आला. जयश्रीनं जिन्याचं दार लावून घेतलं.