पदराखालची शेपटी

दिंद्रुडहून माजलगावला जाणाऱ्या जीपमध्ये ती म्हातारी माझ्या शेजारी बसली, तेव्हा तिच्या पदराखाली नातवंड असेल असं मला वाटलं. ती त्याला थोपटत होती, मधूनच पदरात डोकावून काहीतरी कुजबुजत होती. पलीकडे तिचा नवरा बसला होता, ही बाई आपली कुणीच नाही असं तोंड करून.

जीप निघणार तोच पदराखालून तपकिरी शेपटी बाहेर आली.

"मावशी, कुत्रं उतरवा खाली!" ड्रायव्हर ओरडला.

"दवाखान्यात न्यायलेय. पाय दुखावलाय त्याचा," ती म्हणाली. "पोरं ऊसतोडीला गेली की घर खायला उठतंय बाबा. मग मी याच्यासंगंच बोलते. लई मन लावून ऐकतंय. यांनी जन्मात माझं ऐकलं न्हाई."

सगळी जीप हसली.

"मग टपावर बांधा त्याला."

"त्याला कावून? यांनाच बसवा की टपावर!" तिनं मला डोळा मारला.

आता मात्र म्हातारा उठला. भांडण पेटणार म्हणून मी सावरून बसलो.

"बसतो मी टपावर," तो ड्रायव्हरला म्हणाला. "पर त्याला खिडकी द्या. गाडीत मळमळतंय त्याला."

ड्रायव्हरनं कपाळाला हात लावला, म्हाताऱ्याला खाली बसवलं आणि गाडी सुरू केली. खिडकीपाशी मी होतो. मुकाट्यानं सरकलो.

माजलगाव येईपर्यंत दोघं वाऱ्यावर फडफडणारे त्याचे कान बघत हसत होती. खोटं कशाला सांगू, मीही.