सालवाल्या मॅडम

लग्नाच्या पंगतीतून लोक डब्यात बुंदी भरून नेतात. आमच्या मॅडम फळांच्या साली भरून न्यायच्या. लाखनीच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या. हायवेवरच्या ज्यूसवाल्यांना त्यांची इतकी सवय झाली होती, की स्कूटी दिसली की ते संत्र्याच्या सालींची पिशवी न मागता पुढे करत. पाठीमागे सारं गाव त्यांना सालवाल्या मॅडम म्हणे, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"लोकं गर खातात अन् ताकद उकिरड्यावर फेकतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ताकद म्हणजे विटामिन सी. ते मोजताना सालीच्या अर्कात त्या घरच्या भाताची पातळ पेज घालत आणि वरून काचेच्या नळीतून आयोडिनचे थेंब सोडत. विटामिन असेपर्यंत ते आयोडिन गिळत राहतं. संपलं की पेज निळी पडते. थेंब जितके जास्त पचले, तितकं विटामिन जास्त. मी आधी त्यांची विद्यार्थिनी, मग त्यांच्याच हाताखालची शिक्षिका. पण नळीच्या चावीवरची त्यांची ती दोन बोटं पाहताना दरवेळी माझं हातातलं काम थांबायचं.

अड्याळच्या महिला बचत गटापुढे त्यांनी एकदा भाषणात हेच वाक्य सांगितलं आणि बायांनी ते मनावर घेतलं. घरोघरच्या साली जमवल्या, मोहफुलं वाळवतात तशा रणरणत्या उन्हात छपरावर वाळवल्या, दळल्या, पाकिटं भरली. वर 'भरपूर विटामिन सी' असं छापूनही आणलं. नागपूरचा एक दुकानदार माल घ्यायला तयार होता, फक्त त्याला कॉलेजचा दाखला हवा होता. गटाच्या अध्यक्ष शेवंताबाई पाकिटं घेऊन प्रयोगशाळेत आल्या.

मॅडमनी पाकिटातल्या पुडीचा अर्क काढून पेजेत मिसळला आणि चावी सोडली. थेंब पडतो न पडतो तोच पेज निळीशार. पुन्हा करून पाहिलं, तेच.

"उन्हानं खाल्लं सारं," त्या म्हणाल्या. "चूक माझी हाय. सालीत काय हाय ते सांगितलं, वाळवाची कशी ते नाही सांगितलं."

शेवंताबाईंचा चेहरा पडला. सगळ्या बायांची उन्हाळाभराची मेहनत त्या पाकिटांत होती. त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, लिहून द्या न. कोन पाहून राहिलं?"

"पेज पाहून राहिली न, बाई."

दाखला मिळाला नाही, दुकानदारही हातचा गेला. माझा जीव तीळतीळ तुटला. एका सहीनं काय बिघडलं असतं, असंही मनात आलं. मॅडम मात्र पुढच्या हंगामात दर रविवारी अड्याळला जात राहिल्या. सालींचे बारीक काप, सावली, वारा, वाळल्याबरोबर बंद डबा. या खेपेला पेज बरीच दमानं निळी झाली. तरी आकडा बायांच्या आशेपेक्षा कमीच भरला. मॅडमनी होता तेवढाच लिहिला, आणि त्या दाखल्यावर दुसऱ्या दुकानदारानं माल उचलला. मी थक्क होऊन पाहत राहिले.

गेल्या वर्षी निवृत्त होऊन मॅडम मुलीकडे पुण्याला निघाल्या. निरोपाला शेवंताबाई आल्या होत्या. मॅडमचा हात धरून म्हणाल्या, "तुमी चालल्या. आता आमाले 'नाही' म्हनाले कोन उरलं?"

मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

परवा अड्याळहून नवी पाकिटं आली. शेवंताबाई समोर स्टुलावर बसल्या होत्या. मी चावीवर बोटं ठेवली. एवढी भीती मला कुठल्या परीक्षेतही वाटली नव्हती.