ठोके मारणारी गाठ

मी आज बोलतो-चालतो आहे, ते तेलगाव स्टँडसमोरच्या कटिंगवाल्या मामांमुळं. माझं घर लांब, नंदुरबारकडं. सातवीत शाळा सोडून इथल्या कापसाच्या जिनिंगवर कामाला आलो. मामा भारी बडबडे. दाढी झाली की मान दाबून कडाकडा मोडल्याशिवाय गिऱ्हाइकाला उठू देत नसत.

माझ्या जबड्याखाली गाठ आली होती. म्हटलं, “मामा, जोरात चोळा, जिरंल.”

मामांनी बोट टेकवलं आणि लगेच उचललं. “ठोके मारतीय बे ही. हिला चोळायचं न्हाई.” दुसऱ्याची अर्धी दाढी तशीच सोडून त्यांनी मला दवाखान्यात नेलं.

तिथून आम्हाला संभाजीनगरला धाडलं. तिथले डॉक्टर म्हणाले, गाठ मेंदूकडं जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलीय. काढताना आवाज जाऊ शकतो, जीवही. मी घाबरून उठलो. मामांनी खाली बसवलं. “आवाज गेला तर तुझ्या वाटणीचं मी बोलंन. पण गाठ काढायचीच.”

गाठ निघाली. आवाज राहिला, जरा घोगरा. आता मामा टाक्यांच्या वणाच्या कडेनं अलगद वस्तरा फिरवतात. त्यांची मान मात्र कुणीच दाबत नाही. मी दाबू का म्हटलं तर हसून टाळतात. एक दिवस त्यांना त्यांच्याच खुर्चीत बसवून मी ती दाबणार म्हणजे दाबणारच.