गार गाडीचं दुखणं

आमची गाडी दुपारी कुणालाही दाखवा, शहाण्यासारखी वागते. किल्ली फिरवली की चालू. पहाटे मात्र तिच्या अंगात काय येतं कुणास ठाऊक. जुनी डिझेल गाडी, अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नोकरीत असताना घेतलेली. ती विकायचं नाव काढलं की ते ताटावरून उठतात.

अण्णांना दमा आहे. तोही पहाटेच्या गारठ्यातच उसळतो. डॉक्टर शहरात, राजारामपुरीत, आणि आम्ही दोघंच राहतो हुपरीच्या रस्त्याला, मळ्यातल्या घरात. त्या वेळी रिक्षा मिळायची आशा नको. म्हणजे जो गारठा अण्णांची छाती धरतो, तोच गाडीचं इंजिन धरतो. हे लक्षात आल्यापासून मला धड झोप नाही.

दिवाळीनंतर एका पहाटे ते घडलंच. अण्णा मागच्या सीटवर, ओठ निळसर, पंप तोंडाशी. मी सेल मारतेय, मारतेय, आणि इंजिन नुसतं कण्हतंय. डेअरीला दूध घालायला निघालेल्या माणसांनी किटल्या खाली ठेवून धक्का मारला, तेव्हा कुठं ते पेटलं. राजारामपुरी येईपर्यंत मी आरशात बघितलं नाही. बघायची भीती वाटत होती.

नंतर मिस्त्रीकडे नेली, तर तिथं पोचेपर्यंत ती तापलेली. एका सेलमध्ये चालू. मिस्त्री असा बघायला लागला, जसं काही दुखणं मलाच झालंय. माझंही डोकं फिरलं, चार शब्द सुनावले. मग तो म्हणाला, गार इंजिन तापवणारे हीटर प्लग गेले असतील, नाहीतर रात्रीतून डिझेल मागं उतरत असेल, पण गार गाडी बघितल्याशिवाय उगीच सामान बदलणार नाही. गाडी रात्रभर ठेवून जा म्हणाला. अण्णा घरात आणि गाडी दाराशी नाही, अशी रात्र काढायची माझी छाती नव्हती. शेवटी तोच पहाटे यायला तयार झाला. अट एकच, संध्याकाळपासून गाडीला कुणी हात लावायचा नाही.

ठरल्याप्रमाणे तो कानटोपी घालून आला. किल्ली फिरवली, गाडी लगेच चालू. मला रडूच यायला लागलं. त्यानं बॉनेट उघडून आत हात लावला.

"ताई, हे गरम हाय की."

इंजिनावरून पाणी ठिबकत होतं. अण्णा शाल पांघरून दारात उभे, पायाशी बंबाच्या पाण्याची बादली. पावणं एवढ्या थंडीत येणार आणि गाडीनं त्यांना ताटकळत ठेवायचं, हे त्यांना बरं दिसेना, म्हणून त्यांनी आधीच गरम पाणी ओतून ठेवलं होतं! मी मिस्त्रीदेखत त्यांच्यावर ओरडले. मिस्त्री चहा पिऊन, उद्या येतो म्हणून गेला.

दुसऱ्या पहाटे मी दाराला कुलूप घालून किल्ली मुठीत धरून बसले. तो आला, आणि गाडी चालू झाली नाही. मला इतका आनंद झाला की विचारू नका. हीटर प्लग जळलेले निघाले. त्यानं तिथंच नवे बसवले. आता मी सुखानं झोपेन, असं मला वाटलं.

पण त्यानंतरच्याच पहाटे दाराची कडी वाजली. बाहेर आले तर अण्णा बॉनेटला धरून वाकलेले, बादली रिकामी, छातीतून शिट्टी वाजतेय. हे पाहुण्यापुरतं नव्हतं, हे तेव्हा कळलं. धक्का मारला त्या दिवसापासून हा माणूस माझ्या आधी उठून, बंब पेटवून, रोज त्या गारठ्यात बाहेर येत होता. आणि दमा यंदा एवढा का वाढला, म्हणून मी डॉक्टरांशी भांडत होते.

गाडी दुरुस्त झालीय ना आता, एवढंच मी कसंबसं म्हटलं. त्यांना बराच वेळ बोलता येईना. मग म्हणाले, "गाडीचं न्हाय गं. तू लई घाबरलतीस त्या दिवशी."

मी त्यांना धरून मागच्या सीटवर बसवलं. गाडी एका सेलमध्ये चालू झाली. नव्या प्लगांनी की त्यांच्या पाण्यानं, ते बघायला मी थांबले नाही.