इंगरबाईंचा वाडगा

चहा सांगितलाय. तो येईपर्यंत माझी फजिती ऐकून घ्या, नाहीतरी गल्लीत ती अर्धीमुर्धी पसरलीच आहे. मी परक्या मुलखात जाऊन एका बाईंनी ठेवलेला नैवेद्य खाल्ला. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा तर खाताना मनात म्हणालो, आज लोणी जरा कमी पडलंय.

आता तुम्ही विचाराल, कोल्हापूरचा भांडीवाला परमुलखात गेलाच कशाला? आमची केतकी नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला एका इस्पितळाच्या लॅबमध्ये नोकरी करते. गेल्या डिसेंबरात तिनं आम्हा दोघांना बोलावून घेतलं. दुकान भावाच्या गळ्यात घातलं आणि मी न् मंदा निघालो. मंदा म्हणजे आमच्या सौभाग्यवती. तिनं बॅगेत कपडे कमी आणि डबे जास्त भरले. डिंकाचे लाडू, चिवडा, कांदा-लसूण मसाला. शिवाय चार स्टीलच्या ताटल्या.

म्हटलं, "अगं, तिथं ताटल्या मिळत नाहीत का?"

"झाकायला आपलं घरचंच बरं पडतंय," ती म्हणाली.

या ताटल्या ध्यानात ठेवा. पुढं त्याच माझ्या डोक्यात बसणार आहेत.

तिथं पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि बाहेर मिट्ट काळोख. मंदा खिडकीपाशी उभी राहून बघत होती.

"केतकी, ह्या लोकांत दिवस असतोय का न्हाय गं?"

"आई, आता जानेवारीपर्यंत सूर्य उगवत नाही."

"मग उठत्यात कशी लोकं?"

"घड्याळ बघून."

पहिले दोन दिवस मी नुसते झोपून काढले. तिसऱ्या दिवशी बाहेर पडलो आणि काय सांगू, त्या काळोखाच्या प्रेमातच पडलो. घराघराच्या खिडकीत कागदाची चांदणी पेटलेली, तिच्याखाली मेणबत्त्या. दिवाळी होऊन गेली पण आकाशकंदील उतरवायला सगळं गाव विसरलंय, असं वाटावं. दुपारी बाराला आभाळ जरासं निळं व्हायचं आणि तासाभरात परत मिटायचं. पायाखाली बर्फ कुरकुर वाजायचा. एवढी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. आयुष्य भांड्यांच्या दुकानात गेलेलं, शांतता येणार कुठून?

केतकी भाड्यानं राहते ते घर दुमजली. वर ती, खाली घरमालकीण इंगरबाई. सत्तरीच्या पुढच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांचे यजमान त्याच वर्षी वसंतात गेलेले. गुडघे दुखतात म्हणून बर्फावर चालणं बंद, आणि यजमानांची दोन कुत्री अंगावर पडलेली. चांगली अस्वलासारखी केसाळ. एकाचं नाव पेर, दुसरीचं लोट्टा. भांडीवाल्याला लोट्टा हे नाव पाठ व्हायला किती वेळ लागणार?

कुत्र्यांना फिरवायचं काम केतकी करायची. तिची ड्यूटी वाढली तशी ते माझ्याकडं आलं. मी कुत्र्याला भिणारा माणूस. आपल्या चौकातली कुत्री माझ्या स्कूटरमागं कशी लागतात ते तुम्ही बघितलंय. पण ही दोघं निराळीच. मी डोक्याला टॉर्च बांधायचो, कानावर लाल माकडटोपी ओढायचो आणि म्हणायचो, "चला रं पोरांनो." की निघाली. मी घसरून पडलो तर दोघंही थांबून वाट बघायची, आणि मी उठेपर्यंत माझं तोंड चाटायची. चार दिवसांत मला त्यांच्याशिवाय करमेना. रोज फिरून आलं की अंगणातल्या लाकडं ठेवायच्या खोपटात पट्टे खुंटीला अडकवायचे, कुत्री इंगरबाईंच्या दारातून आत सोडायची आणि वर जायचं, असा शिरस्ता.

केतकीनं मात्र पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "बाबा, इंगरबाईंची बेल वाजवू नका हं. इथं न सांगता कुणी कुणाकडं जात नाही. शिवाय त्यांच्या मनात घर विकून बहिणीच्या गावाला जायचंय. विकलं तर मला या गावात दुसरं घर मिळणं फार अवघड आहे. आणि पेर, लोट्टाला त्या कुणालातरी देऊन टाकतील. तेव्हा जरा सांभाळून वागा."

म्हटलं, "आपण कशाला कुणाच्या वाटेला जातोय?"

ख्रिसमसच्या आदल्या दिवशी केतकी ड्यूटीवर होती. दुपारी चारला कुत्री फिरवून आलो, खोपटाशी गेलो, तर उंबऱ्यावर एक लाकडी वाडगा. त्यात वाफाळणारी खीर, चक्क तांदळाची, वर दालचिनी आणि मधोमध लोण्याचा हा एवढा गोळा. मी रोज ज्या जागी पट्टे अडकवतो, नेमकी तीच जागा. माणसानं काय समजावं? मी समजलो, बिचारीनं कुत्री फिरवल्याबद्दल सणाचं काहीतरी गोड ठेवलंय. तुम्ही काय निराळं समजला असता?

मला साखर आहे. वर नेलं असतं तर मंदानं चमचाभर दिलं असतं. म्हणून तिथंच लाकडाच्या ओंडक्यावर बसलो आणि वाडगा पुसून खाल्ला. पेर आणि लोट्टा समोर बसून बघत होती, त्यांनाही बोटभर लोणी चाटवलं.

वर गेलो तर मंदानं मिशीवरचं लोणी आधी बघितलं आणि वाडगा नंतर. साखरेवरून जे बोलायचं ते बोलून झालं. मग म्हणाली, "आता ह्ये वाडगं धुऊन तसंच ठिवणार व्हय?"

"मग?"

"रिकामं भांडं कोण परत देतंय वं? आक्का काय म्हणंल, कोल्हापूरची माणसं अशी?" इंगरबाईंची ती मनातल्या मनात आक्का झालीच होती.

तिनं वाडग्यात पाच लाडू घातले आणि वर आपली ताटली झाकली. बेल तर वाजवायची नव्हती. मी म्हटलं, त्यांनी न बोलता ठेवला, आपणही न बोलता ठेवायचा. गेलो आणि उंबऱ्यावर ठेवून आलो.

दुसऱ्या दिवशी परत वाडगा भरलेला. खीर तीच, लोण्याचे गोळे दोन. ताटली मात्र नाही. मंदा म्हणाली, "ऱ्हाऊ दे. आक्काला आवडली असंल." त्या दिवशी चिवडा गेला, दुसरी ताटली झाकून.

तिसऱ्या दिवशी वाडग्याच्या जागी खिरीचं पातेलं. आता हा आपल्या गावच्या अब्रूचा प्रश्न झाला. त्यांनी पातेलं ठेवलं म्हटल्यावर आपण काय चिवड्यावर भागवायचं? मंदानं सकाळपासून खपून मटणाचा तांबडा रस्सा केला. कांदा-लसूण मसाला घालताना तिचा हात जरा सैलच सुटला. मी म्हटलं, "अगं, त्यांना झेपेल का?" तर म्हणाली, "थंडी केवढी हाय भाईर. जरा घाम तरी येऊ दे आक्काला."

गेलं पातेलं, तिसरी ताटली झाकून.

चौथ्या दिवशी उंबऱ्यावर काही नाही. पाचव्या दिवशी नाही. इंगरबाईंच्या खिडकीतला पडदाही ओढलेला. आणि त्याच संध्याकाळी केतकी घरी येऊन म्हणाली, "इंगरबाईंनी नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी आपल्याला कॉफीला बोलावलंय. घराबद्दल बोलायचं आहे म्हणाल्या. आणि त्यांचा आवाज असा का बसलाय?"

मंदानं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. मग काय, सगळं सांगावं लागलं.

केतकी सोफ्यावर बसलीच. "बाबा, ती खीर तुमच्यासाठी नव्हती. ती निस्सेची होती."

"हा निस्से कोण?"

"घराचा राखणदार. बुटका म्हातारा. गोठ्यात, खोपटात राहतो, घराला आणि जनावरांना सांभाळतो असं इथं मानतात. ख्रिसमसच्या आदल्या दिवशी त्याला वाडगाभर खीर ठेवतात, वर लोणी."

म्हणजे नैवेद्य. आपल्याकडं देवापुढच्या पेढ्याला हात लावला तरी आजी फुंकणीनं मारायची, आणि मी तिथं ओंडक्यावर बसून वाडगा पुसून खाल्ला होता. वरून त्या राखणदाराला मटणाचा रस्सा पाठवला होता. त्या चार दिवसांत मला खरंच झोप लागली नाही. माझ्या जिभेपायी पोरीचं घर जाणार, आणि पेर-लोट्टा कुठल्या परक्याच्या दारात बांधली जाणार, एवढंच डोक्यात फिरत होतं.

पहिल्या तारखेला आम्ही तिघं खाली गेलो. टेबलावर मेणबत्त्या, कॉफी, आणि शेजारी एकावर एक रचलेल्या आमच्या तीन ताटल्या. इंगरबाईंनी वरची ताटली उचलून केतकीपुढं धरली आणि इंग्रजीत विचारलं, "निस्सेनं यावर काहीतरी लिहिलंय. मला वाचून दाखवशील?"

केतकी लालेलाल. ताटलीवर लिहिलेलं होतं, 'चि. केतकीच्या बारशाची भेट, कोल्हापूर.'

अहो, मी भांडीवाला. तीस वर्षं दुकानात बसून मशीननं लोकांच्या भांड्यांवर नावं घालतोय. गिऱ्हाइकाला मीच सांगतो, नाव घालून न्या, भांडं कुठंही गेलं तरी घर सापडेल. या ताटल्यांवर नाव मी स्वतः घातलेलं, पोरीच्या बारशाला. आणि नेमक्या त्याच झाकून मी चोरपावलांनी उंबऱ्यावर ठेवत होतो.

मी उठून हात जोडले. माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "निस्से मी. खीर मी खाल्ली. चूक झाली. पोरीला घरातून काढू नका."

इंगरबाई हसायला लागल्या त्या थांबेचनात. म्हणाल्या, त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. हीच अक्षरं केतकीच्या दारावरच्या पाटीवर आहेत, रोज दिसतात. मग परत खीर का ठेवली? तर पुढं काय येतंय ते बघायला. आणि रश्शानंतर दोन दिवस गप्प का? तर त्या म्हणाल्या, "मी मागच्या दारात उभी राहून बर्फ खात होते. पण पातेलं संपवलं."

मंदाला केतकीनं हे मराठीत सांगितलं, तशी मंदाची मान ताठ झाली.

मग इंगरबाई म्हणाल्या, लग्न झाल्यापासून दर वर्षी त्या खीर ठेवायच्या आणि यजमान गुपचूप खाऊन यायचे. त्यांना ठाऊक होतं, यजमानांनाही ठाऊक होतं की यांना ठाऊक आहे, पण दोघंही निस्सेनंच खाल्ली म्हणायचे. या वर्षी खाणारं कुणी नव्हतं. तरी ठेवली. मनाशी ठरवलं होतं, वाडगा भरलेला राहिला तर घर विकायचं.

"आणि तो रिकामाही राहिला नाही," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांत आमच्या निस्सेनं कधी काही परत दिलं नव्हतं."

मंदाला इंग्रजी येत नाही. पण ती उठली आणि इंगरबाईंना जवळ घेऊन बसली. पेरनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. मला मेणबत्त्या जरा अंधुक दिसायला लागल्या, खोटं कशाला बोलू.

घर विकलं नाही. कुत्रीही तिथंच आहेत.

निघताना त्यांनी मला निस्सेचं चित्र दिलं. बुटका, पोट सुटलेला, मिशीदाढी पांढरी, डोक्यावर लाल टोपी, आणि खाली लिहिलेलं, जे केतकीनं वाचून दाखवलं: खायला वेळेवर मिळालं नाही तर घरात आदळआपट करतो.

मंदानं चित्र हातात घेतलं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "ह्ये तर तुमीच की."

ते चित्र आता आपल्या घरात फ्रिजवर लावलंय. जेवायला उशीर झाला आणि माझा आवाज चढला की मंदा काही बोलत नाही. वाडग्यात भगर-ताक घालते, दाराबाहेर उंबऱ्यावर ठेवते आणि आत जाऊन टीव्ही लावते. सगळी गल्ली बघत असते. मी तिथंच पायरीवर बसून खातो, वाडगा धुतो आणि गुमान आत नेऊन देतो.

तर बाईसाहेब वाडग्यात डोकावून बघतात आणि म्हणतात, "रिकामंच आणलं व्हय?"