ग्रीसचा ओवा

पिझ्झ्याबरोबर आलेली ओरेगानोची पुडी फोडली, की आमच्या घरात हमखास माझा एक किस्सा निघतो: आईने ग्रीसची पानं ओवा समजून भज्यांत घातली. मीही हसते. खरं काय झालं, ते फक्त मला ठाऊक.

तेव्हा आम्ही ओमानात, हमरिया नावाच्या वस्तीतल्या दोन खोल्यांत राहत होतो. युरोपात शिकणारी आमची मुलगी मृण्मयी कॉलेजबरोबर ग्रीसची बेटं आणि जुनी देवळं पाहून सुट्टीला घरी आली. बॅग उघडताच बेटावरून आणलेल्या सुक्या ओरेगानोच्या पुडीचा उग्र वास सुटला. तिचे बाबा कौतुकाने फोनवरचे फोटो बघत बसले. निळंशार पाणी, आणि तिच्या पाठीमागे जुन्या देवळाचे ते खांब. बी.ए.च्या परीक्षेत मी त्यांचं चित्र काढलं होतं. मग लग्न झालं, व्हिसावर 'नोकरीस मनाई' असा शिक्का बसला, आणि माझी धाव ओमानातल्याच निझवा गावच्या बाजारापर्यंत राहिली.

"ते खांब मधे जरा फुगीर दिसतात का गं, खरंच?" मी विचारलं.

"नाही बघितलं, ममा. खूप ऊन होतं. दगडच तर आहेत."

पोटच्या पोरीचा मला इतका हेवा वाटला, की तिथे बसवेना. स्वयंपाकघरात भज्यांचं पीठ भिजवलेलं होतं. मी ती पुडी उचलली आणि अख्खी त्यात रिकामी केली.

"ओवा फर्स्टक्लास आहे हं," तिचे बाबा खाताना म्हणाले.

मृण्मयीने रिकामी पुडी पाहिली. "ममा! ते मी आयलंडवरून आणलं होतं!"

"अगं, पालाच तर होता," मी म्हटलं, आणि तिला आणखी भजी वाढली.