अर्ध्यावर अडकलेला काटा

सुमनचा फोन आला तेव्हा मी बेळगावच्या खडेबाजारात कपबशा निवडत होतो. "काका, अण्णा गेले," एवढंच ती म्हणाली... दुकानदार विचारत होता, सहा की बारा? मला आकडाच सांगता येईना. जमीन मोजणीच्या खात्यात अठ्ठावीस वर्षं काढलेला मी माणूस. आकड्याला असा कधी अडलो नव्हतो.

त्याला पाच आठवडे झाले. सुमनचे वडील अण्णा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ, निपाणीजवळ तंबाखूची शेती करणारा. नऊ वर्षांनी मोठा, तरी मी त्याला अरे-तुरेच करायचो. त्याच्याबद्दल गंभीर चेहऱ्यानं लिहायला बसलो, पण जमेना. अण्णा आठवला की मला डोळ्यांसमोर तो जीपची सीट उचलून आत डोकावताना दिसतो आणि अजून अंगात तीच उमेद शिरते.

त्याची जीप जुनी, फोर बाय फोर. डिझेलची चाळीस लिटरची टाकी चालकाच्या सीटखाली. डिझेलचा काटा मात्र कायम असेल त्याहून कमी दाखवायचा आणि खड्ड्यात थरथरायचा. त्यावर मी तोडगा काढला. वेळूची काठी तासली, पाच-पाच लिटर ओतून तिच्यावर खुणा केल्या. टाकीच्या तोंडातून काठी आत घालायची आणि ओल कुठवर आली ते बघायचं. अण्णा ती हळूच बुडवायचा. मी रागवायचो, "तळाला खाट्कन लागल्याशिवाय माप धरायचं न्हाय." मग तोही तसंच करू लागला.

एके दिवशी काटा बरोबर अर्ध्यावर आला. कमी दाखवणारा काटा अर्धं म्हणतोय, म्हणजे आत अर्ध्याहून जास्तच असणार, असा हिशेब मी मांडला आणि काठी न बुडवताच आम्ही तिघं, अण्णा, वहिनी आणि मी, सुमनच्या सासरी निघालो. कणकुंबीच्या अलीकडं जंगलात जीप बंद पडली. टाकी कोरडी, काटा अर्ध्यावर. वहिनी चार किलोमीटर चालल्या. त्यातल्या पहिल्या दोनात त्या एक शब्द बोलल्या नाहीत, उरलेल्या दोनात आम्ही.

पुढल्या वर्षी सुमनला दिवस गेले. बाळंतपणाला तिला निपाणीला आणायचं होतं. सासरचं घर डांबरी रस्त्यापासून तीन किलोमीटर आत, वाट चिखलाची. भाड्याची गाडी तिथं येत नाही. जीपशिवाय इलाज नव्हता. वहिनींनी मात्र दारातच ठणकावलं, "ह्या गाडीचा काटा खरं बोलंस्तवर माझी पोटुशी पोर तिच्यात बसणार न्हाय. पुन्यांदा जंगलात बसायला मी काय हरिण हाय?"

आठवा महिना लागत आला होता. अण्णानं मला रविवारी बोलावलं. "फिटरकडं गेलतो. तो म्हणतो, मीटर बदला. का बदला, ते सांगत न्हाय. आपण शोधू रं, सदा." त्याचे डोळे चमकत होते. "खोटं कोण बोलतंय? मीटर, वायर, का टाकीतला फ्लोट?"

सीट काढली. टाकीवर एक गोल झाकण, त्याखाली डिझेलवर तरंगणारा फ्लोट, झाकणावर एक वायर. अण्णानं ती वायर सोडवली, मला किल्ली फिरवायला सांगितलं आणि वायरचं टोक गाडीच्या लोखंडाला टेकवलं. काटा उठला आणि सरळ फुल्लवर गेला! "गेला रं, गेला!" अण्णा ओरडला. टोक काढलं की शून्य. आम्ही तीनदा केलं, मी तिन्हीदा लिहून घेतलं. मीटर निर्दोष, वायरही निर्दोष.

मग विजेचा अडथळा ओहममध्ये मोजायचं यंत्र लावलं. अडथळा जास्त, तितका काटा खाली. फ्लोटपासून झाकणापर्यंत तेवीस. फ्लोटपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत सदतीस. "मधले चौदा कुठनं आले?" मी विचारलं. अण्णानं टाकीच्या बोल्टाकडं बोट दाखवलं. सगळा गंज. टाकीला अर्थिंगच नीट मिळत नव्हतं, म्हणून काटा कमी दाखवायचा. गंज खरवडला, अर्थिंगची नवी वायर जोडली आणि किल्ली फिरवली... काटा अर्ध्यावरून पाऊणवर चढला. आत डिझेल होतं पाच लिटर.

वहिनी चहा घेऊन उभ्या होत्या. "वा! दोघांनी मिळून खोट्याला बढती दिली."

"थांब गं, आता एकच उरलाय," अण्णा म्हणाला. बॅटरीची वायर काढून ठेवली, झाकणाचे पाच स्क्रू काढले आणि फ्लोट वर घेतला. त्याची तारेची दांडी कोपरासारखी वाकून वरच अडकली होती. वाकल्या जागी एक ठसठशीत चेप. अण्णानं वेळूच्या काठीचं टोक त्या चेपीला लावून बघितलं. बरोब्बर बसलं.

खाट्कन लागत होता तो टाकीचा तळ नव्हता, ही दांडी होती. अण्णानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हसत हसत जमिनीवरच बसला.

दांडी पकडीनं सरळ केली. वर उचलली की दहा ओहम, खाली सोडली की त्र्याहत्तर, मधे कुठं अडखळ नाही. सगळं बसवून पाच-पाच लिटर ओतत गेलो. दर वेळी काटा एक पायरी चढायचा आणि तंबाखूच्या सौद्यात पुकारतात तसा अण्णा पुकारायचा, "पाव! पावाच्या वर! अर्धा!" वहिनींनी विचारलं, काय झालतं? "गंज गं. जुनी गाडी," अण्णा म्हणाला. काठीचं नाव नाही. गुरुवारी सुमनला घेऊन आलो, काट्यानं वाटभर खरं सांगितलं, आणि पुढं नात झाली.

गेल्या आठवड्यात निपाणीला गेलो. शेडमध्ये जीपपाशी वहिनींना सगळं सांगून टाकलं. माझ्या काठीनंच दांडी वाकली होती, माझ्यामुळंच तुम्ही जंगलात चाललात.

"ठाऊक हाय, भावजी. त्याच सांजेला सांगितलंतं ह्यांनी. म्हणाले, सदाला बोलू नको. तो मोजायचं सोडंल, मग माझ्यासंगं रविवारी कोण बसंल?"

मी उगीच किल्ली फिरवली. काटा पावावर थांबला.

"किती हाय?" वहिनींनी विचारलं.

"दहा लिटर. बेळगाव गाठून अडीच उरेल. तिथं भरायला लागेल."

"मग चला. नातीला बघून येऊ." त्या पुढच्या सीटवर चढल्या, पदर आवरला आणि दार ओढून घेतलं. काट्याकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही.